अप्रकट प्रकर्ता आणि तिऱ्हाईताचा भरवसा

करार ज्यांनी केला त्यांनाच तो बांधतो, हे तत्त्व विद्यार्थ्यास करारकायद्याच्या आरंभीच शिकविले जाते. त्याच कायद्याच्या दहाव्या प्रकरणापर्यंत तो पोहोचला म्हणजे मात्र त्यास निराळेच दृश्य दिसते. सौद्याच्या वेळी ज्याचे नाव कोणी उच्चारले नाही, ज्याच्या अस्तित्वाची दुसऱ्या पक्षास कल्पनाही नव्हती, असा मनुष्य मागाहून पुढे येतो आणि करार माझा आहे असे सांगून त्याच्या पूर्ततेची मागणी करतो. उलट, अशा मनुष्याचा शोध लागताच दुसरा पक्षही त्याच्यावर फिर्याद लावू शकतो. सर फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८७ मध्ये 'लॉ क्वार्टर्ली रिव्ह्यू'मध्ये असे परखडपणे लिहिले होते की, हा सारा कायदा कराराच्या प्राथमिक तत्त्वांशी विसंगत आहे. पुढे मुंबईचे दिनशा मुल्ला यांच्या सहकार्याने त्यांनी भारतीय करार कायद्यावरील आपले भाष्य १९०५ साली प्रसिद्ध केले, तेव्हा हीच विसंगत कलमे विवरून सांगण्याचे काम त्यांच्या वाट्यास आले!

विसंगती असली तरी नियम टिकला, कारण तो व्यापाराच्या गरजेतून निर्माण झाला आहे. परंतु त्या गरजेचे स्वरूप नेमके काय, आणि आपल्या १८७२ च्या अधिनियमाने तिला कोणती मर्यादा घातली, याचा विचार पुष्कळदा इंग्रजी निवाड्यांच्या आधारेच केला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही पद्धत दोन कारणांनी सदोष आहे. एक तर आपल्या कलमांचे शब्द इंग्रजी नियमाहून महत्त्वाच्या ठिकाणी वेगळे आहेत. दुसरे असे की, मुंबईच्या बाजारपेठेत जी अडत चालत आली तिचा एक मोठा भाग या कलमांच्या कक्षेतच येत नाही.

परिभाषेविषयी दोन शब्द. ज्याच्या वतीने व्यवहार केला जातो त्यास येथे प्रकर्ता, जो तो व्यवहार करतो त्यास अभिकर्ता, आणि ज्याच्याशी व्यवहार होतो त्यास तिऱ्हाईत म्हटले आहे. विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अमरावतीचा व्यापारी क याच्यासाठी मुंबईची पेढी अ ही ब या मुंबईच्याच व्यापाऱ्याकडून कापसाच्या १०० गाठी खरेदी करते. सौदा अ च्या नावाने होतो. माल ताब्यात दिला जातो, परंतु किंमत चुकती होण्यापूर्वीच अ चे दिवाळे निघते. या विषयावरील बहुतेक खटल्यांच्या मुळाशी असे एखादे दिवाळे असतेच. अ सुस्थितीत असता तर क कोण, याची चौकशी करण्याचे ब ला कारण पडले नसते. नुकसान ब ने सोसावे की क ने, हाच खरा प्रश्न आहे.

प्रथम एक भेद लक्षात ठेवणे अवश्य आहे. प्रकर्त्याचे नाव सांगून करार केला असेल तर सामान्यतः अभिकर्ता करारातून बाजूस होतो. तो करार त्यास बजावून घेता येत नाही आणि त्याच्यावर बंधनकारकही होत नाही. कलम २३० चा हा मूळ नियम होय. 'आमच्या एका गिऱ्हाइकाकरिता घेत आहोत' असे सांगितले, परंतु नाव सांगितले नाही, तर प्रकर्ता अनामित राहतो. आणि अभिकर्त्याने आपण दुसऱ्याकरिता घेत आहोत हेच सांगितले नाही, तर प्रकर्ता अप्रकट होय. कलम २३० प्रमाणे अभिकर्ता प्रकर्त्याचे नाव उघड करीत नाही तेव्हा तो स्वतः बांधला जातो असे गृहीत धरावयाचे असते. परदेशस्थ व्यापाऱ्याकरिता मालाची खरेदी वा विक्री केली असता, आणि प्रकर्ता ज्ञात असूनही त्याच्यावर दावा करता येत नसता, हेच गृहीतक लागू होते. हे गृहीतकच आहे. कराराच्या शब्दांनी वा परिस्थितीने ते खोडून काढता येते.

अनामित आणि अप्रकट यांची गल्लत इंग्रजी निवाड्यांच्या वाचनातही होते. थॉमसन विरुद्ध डेव्हनपोर्ट (१८२९) हा खटला नेहमी अप्रकट प्रकर्त्याच्या शीर्षकाखाली उद्धृत केला जातो. त्यात लिव्हरपूलच्या अभिकर्त्याने आपण स्कॉटलंडमधील एकाकरिता माल घेत असल्याचे विक्रेत्यास सांगितले होते. फक्त नाव सांगितले नव्हते. विक्रेत्याने आपल्या वहीत रक्कम अभिकर्त्याच्या नावे मांडली. अभिकर्ता बुडाल्यावर विक्रेत्याने डम्फ्रीजच्या थॉमसनवर दावा केला आणि तो टिकला. नाव ठाऊक नसताना प्रकर्त्यास सोडून देण्याची निवड विक्रेत्याने केली असे म्हणता येत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होता.

आता प्रकर्त्याच्या हक्कांकडे वळू. कलम २३१ चा पहिला परिच्छेद असे सांगतो की, अभिकर्ता हा अभिकर्ता आहे हे तिऱ्हाईतास ठाऊक नसेल आणि तशी शंका घेण्यास कारणही नसेल, तर प्रकर्ता कराराची पूर्तता मागू शकतो. परंतु अभिकर्ताच प्रकर्ता असता तर तिऱ्हाईतास जे हक्क मिळाले असते, ते सर्व त्यास प्रकर्त्याविरुद्ध मिळतात. कलम २३२ बहुतांशी हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगते. ही पुनरुक्ती मसुदाकारांनी टाळली असती तर बरे झाले असते. तथापि कलम २३२ चे दृष्टांत-वचन उपयुक्त आहे : अ हा ब चे ५०० रुपये देणे लागतो. तो ब ला १,००० रुपयांचा तांदूळ विकतो. वस्तुतः अ हा क करिता विकत असतो, पण ब ला त्याची जाणीव नसते व शंका घेण्यास वाजवी कारणही नसते. अशा वेळी अ च्या कर्जाची वजावट दिल्यावाचून क ला ब वर तांदूळ घेण्याची सक्ती करता येत नाही.

या नियमामागील न्याय सरळ आहे. ब ने अ च्या भरवशावर व्यवहार केला. माल घेतला म्हणजे आपले जुने येणे वळते होईल असा त्याने हिशेब केला. पडद्याआडून दुसरा कोणी आला म्हणून तो हिशेब मोडता कामा नये. परंतु हे संरक्षण केवळ न विचारणाऱ्यास नाही, खऱ्या अर्थाने भरवसा ठेवणाऱ्यास आहे. या मुद्द्यावर हाउस ऑफ लॉर्ड्सचा कुक विरुद्ध एशेल्बी (१८८७) हा निर्णय आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्यातील माल कापूसच होता. लिव्हरपूलच्या लिव्हसी या दलाल पेढीने अप्रकट प्रकर्त्याचा कापूस स्वतःच्या नावाने कुक यांस विकला. पेढी बुडाली, कुक यांनी पेढीकडील आपल्या येण्याची वजावट मागितली. ही पेढी कधी स्वतःसाठी तर कधी गिऱ्हाइकांसाठी विकते हे कुक यांस माहीत होते. प्रस्तुत सौदा कोणत्या प्रकारचा, असे विचारले असता आपली त्याविषयी कोणतीच समजूत नव्हती, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. त्यांचा प्रांजळपणा त्यांना भोवला. पेढी स्वतःचाच माल विकीत आहे अशा समजुतीने ते व्यवहारात पडले नव्हते. म्हणून वजावट नाकारण्यात आली.

आपल्या कलमात 'शंका घेण्यास वाजवी कारण' हे शब्द आहेत. ते बाजारपेठेस लावून पाहिले तर दृष्टांतातील तांदूळ घेणारा ब किती दुर्मिळ आहे, हे ध्यानात येईल. ज्या पेढीच्या पाटीवरच 'अडत दुकान' असे लिहिलेले आहे, तिच्याशी व्यवहार करणाऱ्यास 'मला शंका नव्हती' असे म्हणणे जड जाणार. म्हणून दृष्टांत वाचून वजावटीचा हक्क व्यापक आहे असा जो समज होतो, तो या वर्गाच्या व्यवहारांपुरता तरी सोडून द्यावा लागतो.

कलम २३१ चा दुसरा परिच्छेद मात्र इंग्रजी कायद्यापासून स्पष्टपणे फुटून निघतो. करार पूर्ण होण्यापूर्वी प्रकर्ता स्वतःस प्रकट करील, तर तिऱ्हाईत करार पाळण्याचे नाकारू शकतो. मात्र प्रकर्ता कोण हे आपणास ठाऊक असते, किंवा अभिकर्ता हा स्वतः प्रकर्ता नाही हे ठाऊक असते, तर आपण करारात शिरलो नसतो, हे त्याने सिद्ध केले पाहिजे. येथे 'करार पूर्ण होणे' याचा अर्थ करार घडून येणे असा घेता येणार नाही. करार घडलाच नसेल तर तो पाळण्याचे नाकारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पूर्ण होणे म्हणजे पूर्तता होणे, असाच अर्थ घ्यावा लागतो.

इंग्लंडमध्ये अशी सूट सर्वसाधारणपणे मान्य नाही. तेथे सैद विरुद्ध बट (१९२०) या खटल्यात एका नाट्यगृहाच्या चालकांनी ज्यास तिकीट नाकारले होते, त्याने मित्राकरवी पहिल्या प्रयोगाचे तिकीट मिळविले. त्याचा करार मान्य करण्यात आला नाही. परंतु डिस्टर विरुद्ध रँडल (१९२६) यात जमिनीच्या मालकास जो खरेदीदार नको होता, त्यानेच दुसऱ्याच्या नावाने जमीन घेतली, आणि तो करार टिकला. पहिल्या प्रयोगास कोण येतो याला महत्त्व असते, जमिनीची किंमत कोण देतो याला नसते, असा हा भेद आहे. आणि तो पुरेसा समाधानकारक आहे असे म्हणवत नाही. आपल्या कलमाने व्यवहाराचे स्वरूप ही कसोटी न धरता तिऱ्हाईताची इच्छा हीच कसोटी धरली आहे. डिस्टर खटल्यातील जमीनमालक पुण्यात वा नागपुरात असता आणि आपली नापसंती त्याने पुराव्याने शाबीत केली असती, तर कलम २३१ च्या शब्दांखाली त्यास सुटका मिळाली असती. आपला नियम अधिक उदार आहे. तो अधिक प्रामाणिकही आहे, कारण करार हा इच्छेचा व्यवहार होय हे मूळ तत्त्व तो निदान या एका ठिकाणी परत आणतो. अर्थात पुराव्याचा भार तिऱ्हाईतावर आहे, आणि बाजारभाव उतरल्यावर सुचलेली नापसंती न्यायालय सहज मानणार नाही.

अप्रकट प्रकर्त्याच्या दायित्वाचा प्रश्न याहून बिकट आहे. कलम २३३ म्हणते की, अभिकर्ता व्यक्तिशः जबाबदार असेल तेव्हा त्याच्याशी व्यवहार करणारा त्यास, किंवा प्रकर्त्यास, किंवा दोघांसही जबाबदार धरू शकतो. याच्या दृष्टांतातही कापसाच्या १०० गाठीच आहेत : अ ने ब ला त्या विकल्या, मागाहून ब हा क करिता घेत होता असे कळले, तर अ ने ब वर, क वर किंवा दोघांवर किमतीचा दावा करावा. इंग्रजी कायद्यात 'दोघांवर' हा शब्द नाही. तेथे जबाबदारी पर्यायी आहे. एकाची निवड केली की दुसरा सुटतो. प्रीस्टली विरुद्ध फर्नी (१८६५) या निर्णयाप्रमाणे जहाजाच्या कप्तानावर हुकूमनामा मिळविल्यानंतर, त्याची वसुली झाली नसली तरी, जहाजमालकावर दावा करता येत नाही.

आपल्याकडे 'दोघांसही' या शब्दाचा अर्थ काय घ्यावा याविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे दोघांना एका दाव्यात गोवता येते, परंतु शेवटी हुकूमनामा एकावरच मागावा लागतो. दुसऱ्या मताप्रमाणे दोघेही खरोखर जबाबदार असून वसुली मात्र एकदाच व्हावयाची. पहिले मत इंग्रजी नियमाचे संस्कार न सुटल्याचे लक्षण होय, असे लेखकास वाटते. विधिमंडळाने 'किंवा' हा शब्द आधीच एकदा वापरला होता. पर्यायी जबाबदारीच सांगावयाची असती तर त्यापुढे 'किंवा दोघांसही' असे जोडण्याचे काहीच प्रयोजन नव्हते. शिवाय एकाने दुसऱ्यावर विसंबून आपली स्थिती बदलली असेल त्या प्रसंगासाठी कलम २३४ स्वतंत्रपणे दिले आहे. प्रकर्ताच जबाबदार राहील अशा समजुतीने अभिकर्त्यास वागावयास लावले, किंवा अभिकर्ताच जबाबदार राहील अशा समजुतीने प्रकर्त्यास वागावयास लावले, तर तिऱ्हाईतास त्या त्या व्यक्तीस मागाहून धरता येत नाही. निवडीचा सर्वसाधारण सिद्धांत कलम २३३ मध्येच अंतर्भूत असता, तर २३४ ची गरज फारशी उरली नसती.

आता एक कठीण प्रसंग पाहू. क ने गाठींची किंमत सद्हेतूने अ ला आधीच चुकती केली, आणि अ ने ती ब ला न देताच दिवाळे काढले. क ने पुन्हा पैसे द्यावेत काय? आपला अधिनियम अमलात आला त्याच वर्षी, म्हणजे १८७२ मध्ये, आर्मस्ट्राँग विरुद्ध स्टोक्स हा खटला इंग्लंडात निकालात निघाला. त्यात मँचेस्टरच्या एका पेढीने अप्रकट प्रकर्त्यासाठी कापड घेतले होते. विक्रेता पेढीसच देणेदार समजत असता प्रकर्त्याने पेढीचे पैसे भागविले, म्हणून तो मुक्त झाला असे ठरले. परंतु पुढे अर्व्हिन विरुद्ध वॉटसन (१८८०) यात, दलाल कोणातरी प्रकर्त्यासाठी तेल घेत आहे हे विक्रेत्यास ठाऊक असता, दलालास पैसे दिल्याने प्रकर्ता सुटत नाही असा निर्णय झाला, आणि आर्मस्ट्राँगच्या निर्णयाविषयीही त्यात साशंक उद्गार काढण्यात आले. आपल्या कलमांत आर्मस्ट्राँगच्या नियमास जागा दिसत नाही. क ला सुटावयाचे असेल तर कलम २३४ चा आश्रय घेऊन, ब च्या एखाद्या कृतीने वा उक्तीने आपण अ वर विसंबून राहिलो, हे त्याने दाखविले पाहिजे. ब ला क माहीतच नसेल तर ब ने त्यास कोणत्या समजुतीत पाडले, हे सांगणे क ला अवघड होते. परिणामी क वर दुप्पट पैसे भरण्याची पाळी येऊ शकते. हा परिणाम कठोर आहे यात शंका नाही. परंतु अ ला निवडणारा आणि त्याच्या हाती पैसे देणारा क च होता, हेही विसरता येत नाही.

येथवरचे विवेचन अमरावतीचा क हा खरोखर प्रकर्ता आहे, असे धरून केले. मुंबईच्या बाजारात ही गोष्ट कधीच गृहीत धरता येत नसे. पक्की अडत आणि कच्ची अडत हा भेद बाजाराने स्वतः घडविला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने, सर लॉरेन्स जेंकिन्स मुख्य न्यायमूर्ती असताना, भगवानदास विरुद्ध कानजी (१९०५) या खटल्यात पक्क्या अडतीच्या रूढीस न्यायालयीन मान्यता दिली. त्या रूढीप्रमाणे पक्क्या अडत्यास मुफसलच्या गिऱ्हाइकाची पत मुंबईच्या व्यापाऱ्याकडे गहाण ठेवण्याचा अधिकार नसतो. गिऱ्हाईक आणि मुंबईचा व्यापारी यांच्यात कोणताही करारसंबंध उत्पन्न होत नाही. अडत्या गिऱ्हाइकास सौदा पुरा करण्याची किंवा फरक देण्याची हमी देतो. वाटल्यास बाजारात दुसऱ्याशी सौदा न करता स्वतःच तो अंगावर घेतो. त्यास अडत मिळते, तरीही गिऱ्हाइकाच्या संबंधात तो प्रकर्ताच असतो. प्रिव्ही कौन्सिलने भगवानदास परसराम विरुद्ध बरजोरजी (१९१८) या निर्णयात ही पद्धत मुंबईच्या बाजारातील व्यापाराची रूढ व वैध पद्धत असल्याचे मान्य केले. केवळ पक्की अडत आहे एवढ्यावरून सौदा पैजेचा ठरत नाही.

कच्चा अडत्या याच्या उलट खरा अभिकर्ता असतो. तो दोन पक्षांत करारसंबंध जुळवून देतो, आणि नाव सांगितले नसेल तर कलम २३० च्या गृहीतकामुळे स्वतःही अडकतो.

हा भेद आपल्या उदाहरणास लावून पाहावा. अ हा कच्चा अडत्या असेल तर ब ला क वर धाव घेता येते, मग क ने अ ला पैसे दिलेले असोत वा नसोत. अ पक्का अडत्या असेल तर ब ला क चा शोध लागूनही उपयोग नाही; त्याने अ च्या नादारीत आपले येणे मांडून जो वाटा मिळेल तो घ्यावा. क ला दुप्पट भरण्याचे भय पक्क्या अडतीत नाही. परंतु ब ने माल दिला नाही तर ब वर थेट दावाही नाही. म्हणून खटला चालविणाऱ्या वकिलाने कलम २३३ उघडण्यापूर्वी वह्या, पत्रव्यवहार आणि अडतीचा दर उघडावा हे बरे. दावा कोणत्या कलमाखाली लावावा, हा प्रश्न त्यानंतरचा.

युरोप खंडाच्या कायद्याशी परिचित असलेल्यास पक्की अडत अनोळखी वाटणार नाही. जर्मन व्यापारी संहितेप्रमाणे (१८९७) जो दुसऱ्याच्या हिशेबी पण स्वतःच्या नावाने माल घेतो वा विकतो, त्या कमिशन-व्यापाऱ्याच्या सौद्यातून उत्पन्न झालेले येणे प्रकर्त्यास तिऱ्हाईताकडून थेट मागता येत नाही. ते आधी त्याच्या नावे वर्ग व्हावे लागते. ज्या मालाला बाजारभाव आहे तो माल कमिशन-व्यापारी स्वतःच पुरवू वा घेऊ शकतो. म्हणजे अप्रकट प्रकर्त्याचा इंग्रजी सिद्धांत ज्या संहितेत नाही, तिने जे शब्दबद्ध केले, तेच बहुतांशी मुंबईच्या पेढ्यांनी व्यवहारातून रूढ केले होते. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे मानण्याचे कारण नाही. दूरच्या गिऱ्हाइकाची पत बाजारास अज्ञात असते आणि पेढीची ज्ञात असते, हीच परिस्थिती दोन्ही ठिकाणी होती.

हुंडीच्या बाबतीत कायद्याने हाच मार्ग अधिक काटेकोरपणे पत्करला आहे. ज्याचे नाव दस्तऐवजावर नाही तो त्या दस्तऐवजावर जबाबदार नाही. हैदराबादच्या महाराजा किशनप्रसाद यांच्या खासगी खजिन्याच्या अधिकाऱ्याने काढलेल्या हुंड्यांवरून सदासुख जानकीदास यांनी महाराजांवर दावा केला, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने १९१८ मध्ये तो अमान्य केला. प्रकर्त्याचे नाव हुंडीवर अशा रीतीने आले पाहिजे की, वाचणाऱ्यास जबाबदार कोण हे त्या कागदावरूनच कळावे. हुंडी हातोहात फिरते. तिसऱ्या वा चौथ्या धारकाने पडद्यामागील मनुष्याचा शोध घेत बसावे, अशी अपेक्षा करता येत नाही. मात्र ज्या मूळ व्यवहारापोटी हुंडी दिली गेली, त्या व्यवहारावरील प्रकर्त्याची जबाबदारी, ती अन्यथा असेल तर, हुंडीवर त्याचे नाव नाही एवढ्यामुळे नष्ट होत नाही. तेथे पुन्हा कलम २३३ कडे आणि त्याआधी अडतीच्या प्रकाराकडे वळावे लागते.